जावयाची अंगठी आणि तीनशेचे मावळे

पत्र सिंहगड रोडवरून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई अडतीस वर्षांच्या, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात. घरात नवरा, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. धाकट्या नणंदेचं लग्न मे महिन्यात झालं. त्यासाठी काढलेल्या पर्सनल लोनचे ३ लाख ६० हजार अजून फिटायचे आहेत. त्याआधी नवऱ्याची नोकरी गेली होती. तो पाच महिने घरी होता आणि तेवढा काळ घर क्रेडिट कार्डावर चाललं. त्या कार्डावर आज १ लाख ४० हजार बाकी आहेत, आणि दरमहा सात हजार भरूनही "आकडा हलतच नाही". सासूबाईंना लोन माहीत आहे, कार्डाचं माहीत नाही. बँकेचा फोन आला की ताई गॅलरीत जातात. यंदा जावयाचा पहिला दिवाळसण आहे आणि सासूबाईंना अंगठी घालायची आहे. अंगठी ४५ हजार, कपडे १८, फराळ आणि देणीघेणी ९, पडदे आणि घरातलं किडूकमिडूक ६, भाऊबीज ४, अशी यादी ८२ हजारांवर गेली आहे. दोघांचा बोनस मिळून ३२ हजार. नवरा म्हणतो, "वर्षाचा सण आहे, कार्ड आहेच, जानेवारीपासून बघू." ताई विचारतात, "बोनस कर्जात भरू की दिवाळीत घालू? कधी कधी वाटतं, सणवारच बंद करून टाकावेत." आणि खाली ताजा कलम: "काल मुलाने किल्ल्यासाठी तीनशे रुपयांचे मावळे मागितले. मी त्याच्यावर ओरडले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले."

ताई,

तुमच्या पत्रातला खरा मजकूर ताज्या कलमात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

या दिवाळीत तुम्ही आतापर्यंत एकदाच 'नाही' म्हणालात, आणि तेही चौथीतल्या मुलाला. अंगठीला नाही म्हणाला नाहीत, कपड्यांना नाही, पडद्यांनाही नाही. हे मी तुम्हाला खजील करायला लिहीत नाही, कारण बहुतेक घरांत असंच होतं. पैसे कमी पडले की काटकसर पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला येते, ज्यांची आपल्याला लाज वाटत नाही. खर्च मात्र त्यांच्यासाठी होतो, ज्यांची वाटते. मुलगा तासभर रुसेल आणि विसरेल, हे तुम्हाला माहीत होतं. जावई काय म्हणतील, जावयाच्या घरचे काय म्हणतील, हे माहीत नव्हतं. जिथे माहीत नव्हतं तिथे तुम्ही पैसे ओतायला निघालात.

आता तुमची यादी पुन्हा एकदा वाचा, पण वस्तूंच्या जागी माणसं घालून. यातलं काय कुणाला हवं आहे आणि काय कुणाला दिसावं म्हणून आहे? मला तरी असं दिसतं की त्या ८२ हजारांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम एकाच कामासाठी आहे: कार्डाची भानगड कुणाच्या लक्षात येऊ नये. घरात सगळं पूर्वीसारखं चाललंय, हे दाखवायचा तो खर्च आहे. त्याला दिवाळीचा खर्च म्हणू नका.

बोनस कुठे घालू, असं तुम्ही विचारता. तो प्रश्न ३२ हजारांचा झाला. उरलेल्या ५० हजारांबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, कारण ते कार्डावर जाणार हे तुमच्या घरात न बोलता ठरून गेलंय. आपण आधी त्या पन्नासांकडे बघू. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, तेव्हा हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवणारी माणसं स्वतःचं स्टेटमेंट उघडायला घाबरतात, हे मी बँकेच्या कर्ज विभागात सतरा वर्षं काढताना पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून मीच मांडते.

कार्डाचा दर तुम्ही लिहिलेला नाही. पण बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. १ लाख ४० हजारांवर महिन्याचं व्याज झालं ४,९०० रुपये, जीएसटी ८८२, एकूण ५,७८२. तुम्ही भरता सात हजार. मुद्दलात गेले १,२१८. आकडा हलत नाही असं जे तुम्हाला वाटतं, ते वाटणं नाही, हिशेबच तसा आहे. दिवसाचे एकशे नव्वद रुपये होतात. मावळ्यांचे तीनशे दीड दिवसात, तुम्ही झोपलेल्या असतानासुद्धा, जातात.

यावर पन्नास हजारांची दिवाळी चढवली की बाकी झाली १ लाख ९० हजार, आणि महिन्याचं व्याज जीएसटीसह ७,८०० च्या पुढे. म्हणजे तुमच्या सात हजारांत नुसतं व्याजही भागत नाही. जानेवारीपासून बघू म्हणताना तुमच्या यजमानांच्या डोळ्यांपुढे आजचा आकडा आहे, जानेवारीतला नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी, ही कार्डाची सवलत मागची बाकी पूर्ण फेडणाऱ्यांसाठी असते. थकबाकी असेल तर आज दुकानात कार्ड घासलं की व्याज आजपासूनच सुरू. त्यामुळे "कार्डावर घेऊ, पगार झाला की भरू" हा हिशेब तुमच्यापुरता सध्या बाद.

बोनसबद्दलही एक सांगते. बोनस हातात आला की तो वरकड वाटतो, लक्ष्मी आपण होऊन आल्यासारखा. पण १९६५ च्या बोनस कायद्याने ठरवलेला किमान दर होता ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो तुमच्याच कष्टाचा पैसा आहे, एकरकमी हातात येतो इतकंच. ३२ हजार पूर्ण कार्डात भरलेत तर पुढच्या दिवाळीपर्यंत साधारण सोळा हजारांचं व्याज वाचतं, चक्रवाढ न धरता.

मग सगळाच बोनस भरा, असं मी सांगेन असं तुम्हाला वाटलं असेल. नाही सांगत. सणवार बंद करावेत, हे तुमचं वाक्य मला अंगठीपेक्षा जास्त खुपलं.

आपल्याकडे 'ऋण काढून सण' हे वाक्य टोमण्यासारखं वापरतात आणि कर्जात अडकलेला माणूस दिसला की त्याच्या लग्नकार्याकडे, सणांकडे बोट दाखवतात. हे आजचं नाही. १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, कर्जखतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते शिकवतात. चौकशीला सरकारने आयोग नेमला. तेव्हाही शहाण्या लोकांचं ठरलेलं मत हेच होतं की कुणबी लग्नात आणि सणात उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने नोंदवलं ते वेगळं. ऐपतीच्या मानाने हा खर्च जास्त असतो खरा, पण तो क्वचित येतो आणि त्याला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. खायला धान्य, बियाणं, बैल, सरकारचा सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घेतलेल्या लहान रकमांनी कर्ज जास्त फुगतं.

आता तुमच्या कार्डाची ती पाच महिन्यांची स्टेटमेंट काढून बघा. मी पाहिलेली नाहीत, पण तुम्ही लिहिलंय की घर कार्डावर चाललं. म्हणजे किराणा, पेट्रोल, विजेचं बिल, शाळेची फी, औषधं. त्यात उधळपट्टी कुठे आहे? नोकरी गेली होती, माणसं जेवत होती. नणंदेच्या लग्नाचं लोन आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याचा हप्ता ठरलेला आहे, शेवटची तारीख ठरलेली आहे, ते आपल्या गतीने संपेल. कार्डाला तशी तारीख नसते. सात हजार याच गतीने भरत राहिलात आणि नवं काही घेतलं नाहीत, तरी त्रेचाळीस-चव्वेचाळीस महिने लागतील आणि १ लाख ४० हजारांचे तुम्ही तीन लाखांच्या वर भराल. तेव्हा राग काढायचाच असेल तर या दरावर काढा. लाडवांनी तुमचं काही वाकडं केलेलं नाही.

हा दर बदलता येतो का, हे दिवाळीच्या खरेदीआधी पाहण्यासारखं आहे. बँकेला फोन करून ही बाकी हप्त्यांत बदलून मागा. बऱ्याच बँका देतात, दर कार्डाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी पडतो. प्रोसेसिंग फी किती आणि मध्येच फेडलं तर दंड किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणू नका. दुसरा मार्ग सोन्याचा. लॉकरमधल्या तुमच्या पाटल्या किंवा बांगड्या तारण ठेवून बँकेतून सोनेतारण कर्ज घेतलं, तर दर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. १ लाख ४० हजारांवर महिन्याचं व्याज बाराशेच्या आत, ५,७८२ च्या जागी. तेच सात हजार भरत राहिलात तर बावीस महिन्यांत मोकळ्या, आणि एकूण भरणा दीड लाखाच्या आसपास. काही बँका सोनेतारणात वर्षाच्या शेवटी एकरकमी मागतात, म्हणून महिन्याच्या हप्त्याची सोय आहे ना ते आधी विचारून घ्या.

पण यात माझ्या दोन अटी आहेत. ते तुमचं स्त्रीधन आहे. ठेवायचं की नाही हे फक्त तुम्ही ठरवायचं, घरातल्या इतर कुणी सुचवलं म्हणून नाही. आणि कार्ड रिकामं झालं की ते कपाटात, जमलं तर बंदच. कार्ड मोकळं झालं म्हणून पुन्हा भरणारी माणसं मी काउंटरच्या पलीकडून इतकी पाहिली आहेत की ही अट मोडायची असेल तर सोनं लॉकरमध्येच बरं. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊच नका.

आता अंगठी.

दिवाळसण म्हणजे काय असतं? जावयाला बोलावायचं, पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान, ओवाळणं, नवे कपडे, गोडाधोडाचं जेवण, आणि यथाशक्ती एखादी वस्तू. त्या 'यथाशक्ती'ची जागा अंगठीने कधी घेतली ते घरोघरी वेगळं आहे, पण शब्द अजून तोच आहे. सोन्याने २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. तुमच्या सासूबाईंच्या मनातली अंगठी बहुधा त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या काळातल्या भावाची आहे. त्यांना तीन ग्रॅमला पंचेचाळीस हजार पडतात हे कुणी सांगितलंय का? दुकानात नेऊन घडणावळ, जीएसटी धरून आकडा त्यांच्यासमोर काढलाय का? की परस्पर "हो, घेऊ" म्हणून टाकलंय?

हे त्यांच्याशी बोलावं लागेल, आणि ते तुम्ही बोलू नका. तुमच्या यजमानांनी बोलायचं, तुम्ही शेजारी बसायचं. याचं कारण तुम्हाला मी सांगायला नको. सून बोलली की "सुनेने जावयाची अंगठी अडवली" असं होतं, मग आकडे कितीही खरे असोत. मुलगा बोलला की ती घरची अडचण होते. तुमचे यजमान टाळतील. "आईला कशाला त्रास" म्हणतील. खरं तर पाच महिने घरी बसल्याची बोच त्यांना अजून आहे आणि ही अंगठी ते स्वतःलाही घालतायत, बहिणीच्या सासरी आपण पुन्हा उभे राहिलो हे दाखवायला. म्हणून त्यांच्याशी भांडू नका. हा कागद त्यांच्यासमोर ठेवा, ५,७८२ वर बोट ठेवा आणि गप्प बसा.

बोलायचं ते वसुबारसेच्या बरंच आधी, एखाद्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर. घर पाहुण्यांनी भरल्यावर हा विषय नको. आणि सुरुवात अंगठीने नको. आधी कार्डाचा आकडा, पूर्ण. "थोडं कर्ज आहे" म्हटलं तर त्यांच्या डोक्यात वीस हजार येतील. "आई, मी घरी होतो तेव्हा घर कार्डावर चाललं. एक लाख चाळीस हजार आहेत. तुला सांगायला हवं होतं, लाज वाटली. यंदा अंगठी झेपणार नाही. दिवाळसण मात्र घरात नीट करू, तू सांगशील तसा." एवढंच. मग त्यांना बोलू द्या. त्या चिडतील, बहुधा अंगठीवरून नाही, आपल्याला परकं धरलं यावरून. ते ऐकून घ्या. त्या चिडण्यात त्यांचं बरोबर आहे.

आणि त्यांना काहीच माहीत नाही, असं धरून चालू नका. गॅलरीत तुम्ही काय बोलता ते त्यांना ऐकू येत नसेल. पण तुम्ही फोन घेऊन गॅलरीत जाता हे त्या महिनोन्महिने बघतायत. न सांगितल्यामुळे त्यांनी मनाशी काय धरलं असेल, ते १ लाख ४० हजारांपेक्षा वाईटही असू शकतं. (वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. येत असतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा.)

त्यातून मार्ग निघू शकतात. घरात एखादी जुनी, वाकलेली, कुणी न वापरणारी सोन्याची वस्तू असेल आणि सासूबाईंनी स्वतःहून काढली, तर मोड देऊन अंगठी होते आणि रोख फक्त घडणावळीचे आणि कराचे जातात. पण तुम्ही ते सुचवू नका, त्यांचं सोनं त्यांचंच. नणंदेला आईने सांगितलं तर तीच कदाचित म्हणेल की वहिनी, अंगठी पुढे कधीतरी. तिच्या लग्नाचं लोन कोण फेडतंय हे तिला माहीत आहे. आणि जावई? माझा अनुभव असा की नव्या जावयाला सासरच्या सोन्यापेक्षा तिथे किती वेळ ताठ बसावं लागणार याची काळजी जास्त असते. चांगल्या कापडाचा कुर्ता, उटणं, गरम पाणी आणि आग्रह करकरून वाढलेलं जेवण. सकाळी साडेचारला उठवणार असाल तर चहा आधी द्या.

दिवाळीसाठी बोनसमधले पंधरा हजार काढा, बाकीचे सतरा कार्डात, बोनस जमा होईल त्याच दिवशी. आकड्यावर माझा हट्ट नाही, बारा करा, अठरा करा. हट्ट एवढाच की रक्कम यादीच्या आधी ठरवा आणि ती रोख काढा. पडदे धुतले की नवे दिसतात, मी शपथेवर सांगते. मोठ्या माणसांचे कपडे यंदा नकोत, मुलाचा आणि सासूबाईंचा एकेक जोड घ्या, जावई आणि नणंदेचे त्याच पैशात बसवा. भावाला फोन करून सांगा की भाऊबीजेला मी लाडू घेऊन येते, तूही ताटात शंभरच घाल. भाऊही कुठेतरी हप्ते भरत असतो, त्याला सुटल्यासारखं होईल.

लक्ष्मी रोडला नुसतं 'बघायला' जाऊ नका. पूर्वी पार्किंग मिळत नाही या कारणाने तरी पुष्कळ खरेदी वाचायची. २०२४ पासून मेट्रो थेट मंडईला उतरवते, तीही सबब गेली. यादी आणि रोख पैसे असतील तेव्हाच जा, शनिवार-रविवार सोडून. दुकानदार 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणाला तर एकच विचारा, "रोख किती?" आमच्या पहिल्या फ्रिजला मी शून्य टक्क्यांना भुलले होते. पंधरा दिवसांनी शेजारणीने तोच फ्रिज रोखीने दोन हजार कमीत आणला आणि मला दाखवायला बोलावलं. बँकेत नोकरी करत होते मी तेव्हा! रिझर्व्ह बँकेने तर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज असतंच, फक्त किमतीत किंवा फीमध्ये लपवलेलं.

फराळाचं म्हणाल तर सगळं घरीच करा असा उपदेश नोकरी करणाऱ्या बाईला मी करणार नाही. चकली आणि शंकरपाळे घरी, कारण त्यांना हात जास्त लागले तरी साहित्य स्वस्त. भाजणी सोसायटीतल्या दोघीतिघींनी मिळून दळून आणावी, एका रात्री एका घरी तळावी. लाडू-चिवडा पूना मर्चंट्स चेंबर दर दिवाळीला ना नफा ना तोटा विकतं, तिथून आणला तर कुणाला काही सांगायचीही गरज नाही, चव पुणेकरांच्या ओळखीचीच आहे. आणि दहा घरी ताटं फिरवून दहा घरचा तोच फराळ परत आणायचा, हा उद्योग यंदा चार घरांवर आणा.

पाडव्याला एक काम करा. पोस्टात किंवा बँकेत बाराशे-पंधराशेचं रिकरिंग उघडा, नाव काहीही असो, मनात दिवाळीचं. हिशेबी माणूस म्हणेल की बेचाळीस टक्के देत असताना सहा-सात टक्क्यांवर बचत कसली. हिशेब त्याचा बरोबर आहे. पण दिवाळी पुढच्या वर्षीही येणार आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं, तरी ती दर वर्षी अचानक आल्यासारखी येते आणि कार्ड बाहेर निघतं. ते निघू नये म्हणून ही बचत. सोसायटीत ओळखीच्या बायकांची भिशी असेल आणि तुमचा नंबर दिवाळीच्या महिन्यात लावून घेता येत असेल, तरी चालेल. दोन्ही नकोत, एकच.

राहिले मावळे.

आज ऑफिसमधून येताना ते घ्या. पंधरा हजारांतले पहिले तीनशे तिथे जाऊ द्यात. घरी गेल्यावर मुलाला सांगा की काल आई तुझ्यावर चिडली नव्हती, पैशाच्या काळजीत होती, यंदा आपण जपून खर्च करतोय. चौथीतल्या मुलाला एवढं कळतं. उलट किल्ला सोडून बाकी काय काय नको, याची यादी तो स्वतःच करायला बसेल आणि फटाक्यांवर तुमच्याशी घासाघीस करेल, ती करू द्या. पोतं, विटांचे तुकडे आणि माती तुमच्याकडे धायरीच्या बाजूला अजून फुकट मिळते. अळीव मात्र वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरायला सांगा, नाहीतर लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ला बोडकाच राहतो.